विंडसरचे गरीब नाइट : आठ फलकांच्या प्रदर्शनाच्या कामाच्या नोंदी

विषय : मध्ययुगीन इंग्लंडमधली, लढून थकलेल्या योद्ध्यांसाठीची धर्मादाय निवासं (नाइट म्हणजे सरदारी दर्जाचा घोडेस्वार योद्धा). स्वरूप : दोन बाय तीन फुटांचे आठ उभे फलक, वाचनालयाच्या दालनात महिनाभर. अशाच कुठल्या विषयावर मराठीत फलक करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी. युद्धांचा आणि राजांचा इतिहास इथे नाही, तो कुठेही मिळतो. काय अडलं आणि कसं सुटलं, तेवढंच लिहिलं आहे.

६ जून : यादीला कात्री

सुरुवातीच्या यादीत सहा संस्था होत्या. फलकाच्या शीर्षकात 'मध्ययुगीन' आणि 'सैनिकांसाठी' हे दोन्ही शब्द ठेवायचे तर त्यातल्या पाच गळतात.

लंडनचं चेल्सी रॉयल हॉस्पिटल १६८२चं, पॅरिसचं अँव्हालिद १६७०चं. दोन्ही कायमस्वरूपी खड्या सैन्यांच्या काळातली, म्हणून बाद. हेरफर्डचं कॉनिंग्सबी हॉस्पिटल म्हाताऱ्या सैनिकांसाठीच होतं, पण ते १६१४चं. वॉरिकचं लॉर्ड लेस्टर हॉस्पिटल फसवं आहे. त्याची लाकडी चौकटीची इमारत खरोखर मध्ययुगीन, पण ती व्यापारी-कारागिरांच्या धार्मिक मंडळांची. रॉबर्ट डडलीने तिथे एक मास्टर आणि बारा 'ब्रदर' यांची संस्था काढली ती १५७१ मध्ये. इमारतीचं वय संस्थेला चिकटवण्याची चूक इंटरनेटवर जागोजागी दिसते.

सगळ्यात जास्त वेळ पॅरिसच्या कॅन्झ-व्हँ या आंधळ्यांच्या घराने खाल्ला. सारासेनांनी (धर्मयुद्धांतल्या मुस्लिम सैन्याने) डोळे काढलेल्या ३०० नाइटांसाठी लुई नवव्याने हे घर बांधलं, अशी गोष्ट सगळीकडे आहे. संस्था खरी, १२६०च्या आसपासची, संख्याही ३००. पण ती पॅरिसमधल्या गरीब आंधळ्यांसाठी होती. आंधळे नाइट ही नंतर जोडलेली दंतकथा. फलकाचा मसुदा लिहून झाला होता, तो काढून टाकला.

उरले विंडसरच्या राजकिल्ल्यातले 'गरीब नाइट'. इंग्लंडचा राजा एडवर्ड तिसरा याने १३४८ मध्ये काढलेली संस्था, नाव बदलून आजही चालू. आठही फलक एकाच संस्थेवर करायचे ठरलं.

१० जून : तारखांचा तक्ता

फलकांचं काम सुरू करण्याआधी तारखांचा तक्ता करा. नंतर केला तर सगळे फलक पुन्हा उघडावे लागतात.

मूळ कागदांत सन नसतो, राजाच्या कारकिर्दीचं वर्ष असतं. एडवर्ड तिसऱ्याची कारकीर्द २५ जानेवारी १३२७पासून मोजतात. म्हणजे त्याचं २२वं वर्ष २५ जानेवारी १३४८ ते २४ जानेवारी १३४९. सेंट जॉर्ज कॉलेजची (म्हणजे शाळा नव्हे, पाद्री आणि गरीब नाइट यांची किल्ल्यातली धार्मिक संस्था) सनद त्या वर्षातल्या ६ ऑगस्टची, म्हणून ६ ऑगस्ट १३४८. कॉलेजचे नियम ३० नोव्हेंबर १३५२चे, म्हणजे २६वं वर्ष. इथवर सरळ आहे. घोळ पुढे : १३४०पासून हा राजा फ्रान्सच्या गादीवरही हक्क सांगू लागला, त्यामुळे कागदांत दोन आकडे शेजारी येतात, इंग्लंडचं २२वं आणि फ्रान्सचं ९वं. दुसरा आकडा उचलला की संस्था तेरा वर्षं मागे जाते.

दुसरी अडचण वर्षारंभाची. इंग्लंडमध्ये त्या काळी नवं वर्ष २५ मार्चला लागे. गरीब नाइटांच्या विरोधात गेलेला संसदेचा कायदा एडवर्ड चौथ्याच्या २२व्या वर्षातला, आणि ती संसद जानेवारी-फेब्रुवारीत भरली होती. जुन्या मोजणीने ते १४८२, आजच्या मोजणीने १४८३. दोन्ही सन छापील पुस्तकांत सापडतात आणि दोन वेगळे कायदे असावेत असं वाटतं. कायदा एकच. तक्त्यात १ जानेवारी ते २४ मार्च या काळातल्या प्रत्येक तारखेला लाल खूण केली. आठवा हेन्री २८ जानेवारी १५४७ला वारला, त्यालाही तीच खूण.

जुलियन तारखा ग्रेगोरियन केलेल्या नाहीत. करू नका. ६ ऑगस्टचा १४ ऑगस्ट होतो आणि मग एकाही पुस्तकाशी मेळ बसत नाही.

फलकांच्या तळाला एक बारीक पट्टी ठेवली : त्याच सुमारास दख्खनमध्ये काय चाललं होतं. १३४७ला बहमनी सल्तनत, १३४८ला विंडसरची सनद. वाचणाऱ्याला काळ पटकन सापडतो. पट्टीत फलकामागे एकच नोंद, नाहीतर तीच मुख्य प्रदर्शन होऊन बसते.

१४ जून : पैशांचा तक्ता

या कामातला सगळ्यात कामाचा आणि सगळ्यात चिडवणारा भाग.

१ पौंड म्हणजे २० शिलिंग, १ शिलिंग म्हणजे १२ पेन्स, म्हणून १ पौंड म्हणजे २४० पेन्स. स्प्रेडशीटमध्ये '१८/५' टाकलं की त्याची १८ मे होते. '३.६.८' टाकलं की कधी तारीख, कधी नुसता मजकूर, बेरजेतून गायब. रकाना 'टेक्स्ट' केला तर बेरीजच होत नाही. उपाय एकच : सगळं पेन्समध्ये भरायचं आणि शेवटी शेजारच्या तीन रकान्यांत पौंड-शिलिंग-पेन्स काढायचे. २४०ने भागून पूर्णांक घ्या, उरलेल्याला १२ने भागा, जे उरेल ते पेन्स.

१३५२च्या नियमांप्रमाणे गरीब नाइटाला दिवसाला १२ पेन्स आणि वर्षाला ४० शिलिंग. पेन्समध्ये :

दिवसाचे १२ × ३६५ = ४,३८० (१८ पौंड ५ शिलिंग)
वार्षिक ४० शिलिंग = ४८०
एकूण ४,८६० (२० पौंड ५ शिलिंग)

ही रक्कम 'पगार' म्हणून छापू नका. दिवसाचे १२ पेन्स हजेरीवर होते. त्या दिवशी चॅपेलमध्ये प्रार्थनेला उभा असेल तरच मिळायचे. तेव्हा २० पौंड ५ शिलिंग ही वर्षाची कमाल मर्यादा. फलकावर 'जास्तीत जास्त' हा शब्द त्यासाठीच आहे, आणि जागा वाचवायला तो काढायचा मोह दोनदा आवरला.

आकडा मोठा की छोटा, हे वाचणाऱ्याला कळायला तुलना हवी. रुपयांत रूपांतर करायचं नाही, त्यातून काही अर्थ निघत नाही. त्याच काळातली सैन्यातली रोजची मजुरी शेजारी ठेवली : नाइटाला २ शिलिंग, साध्या चिलखती घोडेस्वाराला १ शिलिंग, घोड्यावरच्या तिरंदाजाला ६ पेन्स, पायी तिरंदाजाला ३ पेन्स. म्हणजे म्हाताऱ्या नाइटाला त्याच्या लढाईतल्या मजुरीच्या निम्मी रक्कम, आणि तीही प्रार्थना केली तर. हा एक तक्ता बाकीच्या मजकुरापेक्षा जास्त बोलतो, म्हणून दुसऱ्या फलकाचा वरचा अर्धा भाग त्यालाच दिला.

आणखी एक अट तक्त्यात बसते. नाइटाला वर्षाला २० पौंड किंवा जास्त उत्पन्नाची जमीन मिळाली तर त्याने जागा सोडायची. मर्यादा ४,८०० पेन्स, संस्थेकडून मिळू शकणारे ४,८६०. दोन्ही आकडे इतके जवळ असणं योगायोग वाटत नाही.

१९ जून : तिसरा फलक, '२६'

सनदेत २४ गरीब नाइट, १३५२च्या नियमांत २६. ऑर्डर ऑफ द गार्टरचे (राजाच्या मानाच्या नाइटांचं मंडळ) सभासद २६, म्हणून प्रत्येकामागे एक. बाकी मंडळी : एक वॉर्डन (प्रमुख), १२ कॅनन (वरिष्ठ पाद्री), १३ व्हिकर (त्यांच्या हाताखालचे पाद्री), ४ क्लार्क, ६ गाणारी मुलं. (इथे 'डीन' लिहू नका. प्रमुखाला डीन म्हणू लागले ते १५व्या शतकात.)

पहिल्या मसुद्यात फलकभर २६ माणसांच्या आकृत्या होत्या. चित्र छान दिसत होतं आणि खोटं होतं. २६चा आकडा व्यवहारात कधी गाठलाच गेला नाही, बहुतेक काळ मोजकेच नाइट असायचे. कारण पैशांच्या तक्त्यातच आहे. २६ × ४,८६० = १,२६,३६० पेन्स, म्हणजे वर्षाला ५२६ पौंड १० शिलिंग, फक्त नाइटांवर. तेवढी जमीन कॉलेजला कधी जोडून दिली गेली नाही. आणि सनद निघाली त्याच उन्हाळ्यात प्लेग इंग्लंडच्या किनाऱ्याला लागला.

नवा आराखडा : २६ रिकाम्या बाह्यरेखा, त्यातल्या तीनच रंगवलेल्या, खाली ओळ 'नियमात २६; प्रत्यक्षात अनेकदा दोन-तीन'. फलकाचं शीर्षकही 'एडवर्डने २६ योद्ध्यांना आसरा दिला' होतं, ते '२६ जणांचा नियम' केलं. इथून पुढे प्रत्येक फलकावर 'ठरलं' आणि 'मिळालं' असे दोन रकाने ठेवले. या विषयात सनद वाचून इतिहास लिहिला की हमखास चुकतो. पैसे कुठून आले ते शोधायचं.

याच फलकावर १४८३चा कायदा. नाइटांचं म्हणणं, आम्ही कॉलेजचा भाग, आमचा खर्च कॉलेजने करावा. डीन आणि कॅनन यांचं म्हणणं, त्यासाठी आम्हाला उत्पन्न दिलेलं नाही. संसदेने कॉलेजला या खर्चातून मोकळं केलं. सातव्या हेन्रीच्या काळात नाइटांनी हा कायदा रद्द करण्याची खटपट केली, ती फसली. ज्या चौथ्या एडवर्डच्या राजवटीत हा कायदा झाला त्यानेच १४७५ मध्ये नव्या भव्य चॅपेलचं काम काढलं होतं. फलकावर ही दोन वाक्यं एकाखाली एक ठेवली आहेत, टिप्पणी न करता.

२३ जून : खंडणीची गोष्ट

'क्रेसीच्या लढाईत फ्रेंचांच्या कैदेत सापडलेल्या आणि सुटकेच्या खंडणीपायी जमिनी विकलेल्या नाइटांसाठी ही संस्था.' हे वाक्य जवळपास प्रत्येक पर्यटन-माहितीत आहे. ऑगस्ट १३४६ला क्रेसीला इंग्रज जिंकले होते. हरलेल्या बाजूचे कैदी जास्त असतात, जिंकलेल्या बाजूचे नव्हे. सनदेत खंडणीचा उल्लेख नाही. जे स्वतःचा निर्वाह करू शकत नाहीत किंवा दारिद्र्याकडे झुकले आहेत असे नाइट, एवढंच आहे.

वाक्य गाळलं तर प्रत्येक दुसरा माणूस 'ते खंडणीचं लिहिलं नाही?' असं विचारणार. म्हणून एका चौकटीत ठेवलं, 'नेहमी सांगितलं जातं' या मथळ्याखाली, आणि शेजारी सनदेचा आशय.

२८ जून : चित्रं

मजकुराला लागला नाही तेवढा वेळ इथे गेला.

विंडसरच्या किल्ल्यातलं आजचं सेंट जॉर्ज चॅपेल १४७५ ते १५२८ मधलं. १३४८च्या फलकावर त्याचा फोटो लावणं चूक. पहिले नाइट ज्या चॅपेलमध्ये उभे राहत ते तिसऱ्या हेन्रीच्या काळातलं होतं, आज त्या जागी अल्बर्ट मेमोरियल चॅपेल आहे. नाइटांच्या घरांची खालच्या अंगणातली रांग, मधल्या मेरी टॉवरसह, फार फोटोजेनिक आहे. पण तिच्या पश्चिमेकडच्या भागाचं बांधकाम मेरी राणीच्या काळातलं, १५५७-५८ला पुरं झालेलं. त्याला दगड आणला तो रेडिंगच्या मोडलेल्या मठाचा.

तेव्हा १३४८ आणि १३५२च्या फलकांवर इमारतीचा फोटो नाहीच. त्याऐवजी किल्ल्याचा साधा नकाशा, तीन रंगांत : १३४८ला उभं होतं ते राखाडी, १४७५नंतरचं पिवळं, १५५०च्या दशकातलं विटकरी. नकाशा सरळ रेषांत काढला, सजावट केली नाही. वाचणारा त्याच्यासमोरच जास्त थांबतो.

मध्ययुगीन वृद्धांची घरं दिसायला कशी असत, हे दाखवायला विंचेस्टरच्या सेंट क्रॉसचा एक फोटो घेतला. १५व्या शतकातल्या खोल्या, प्रत्येक बिऱ्हाडाला आपलं उंच धुराडं. ओळ मात्र स्पष्ट : 'हे सैनिकांसाठी नव्हतं, फक्त रचनेचा नमुना.' सगळे फोटो मुक्त परवान्याचे. परवान्याची ओळ फोटोखालीच छापा, शेवटच्या फलकावर एकत्र दिली की ती कुणाला सापडत नाही.

३ जुलै : कपडे

चित्रकाराला 'लाल झगा' एवढंच सांगितलं की तो १८३३चा गणवेश काढतो, कारण शोधल्यावर तोच समोर येतो : लाल कोट, पांढरा आडवा पट्टा, तुरा लावलेली टोपी. तो चौथ्या विल्यमने नाव बदलून 'मिलिटरी नाइट्स' केलं तेव्हाचा.

कालानुसार असे सांगा :

एडवर्ड तिसरा : लाल मँटल (खांद्यावरून घ्यायचा लांब झूल), त्यावर सेंट जॉर्जच्या क्रॉसची ढाल, गार्टरशिवाय (गार्टर म्हणजे त्या मंडळाचं चिन्ह असलेला पट्टा).
हेन्री आठव्याचं मृत्युपत्र : पांढऱ्या कापडाचा लांब झगा, छातीवर गार्टरमध्ये क्रॉस, वर लाल मँटल.
एलिझाबेथ, १५५९ : चार वार लाल कापडाचा झगा, पाच वार निळ्या किंवा जांभळ्या कापडाचं मँटल, क्रॉस पुन्हा गार्टरशिवाय.

गार्टर आहे की नाही, हे मुद्दाम तपासा. खुद्द गार्टरचे सभासद आणि त्यांच्या नावाने प्रार्थना करणारे गरीब नाइट यांतला फरक, हेन्रीच्या मृत्युपत्रातला झगा सोडला तर, त्या पट्ट्यातच होता. चित्रकाराने पहिल्या चित्रात सवयीने गार्टर काढला होता, तो खोडून घेतला. दुरुस्तीचे वेगळे पैसे लागले नाहीत, कारण रंग भरण्याआधी पेन्सिलचा कच्चा आराखडा मागवला होता. तो नेहमी मागवा.

७ जुलै : ट्यूडर फलक

३० डिसेंबर १५४६च्या मृत्युपत्रात आठव्या हेन्रीने (तो, त्याचा मुलगा आणि मुली मेरी व एलिझाबेथ हे ट्यूडर घराण्याचे) वर्षाला ६०० पौंडांच्या उत्पन्नाच्या जमिनी विंडसरला लावून दिल्या. त्यातून १३ गरीब नाइट, प्रत्येकी दिवसाला १२ पेन्स, आणि त्यांच्यातल्या प्रमुखाला वर्षाला ३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स जास्त.

तक्ता : १३ × ४,३८० = ५६,९४०, अधिक ८००, एकूण ५७,७४० पेन्स, म्हणजे २४० पौंड ११ शिलिंग ८ पेन्स, कपडे सोडून. ६००चे साधारण चाळीस टक्के. उरलेले पैसे राजाच्या आत्म्यासाठीचे विधी, प्रवचनं आणि गोरगरिबांना दानधर्म यांसाठी. प्रमुखाचा आकडा विचित्र वाटतो, पण तो पाच 'मार्क' आहे. एक मार्क १३ शिलिंग ४ पेन्स. असे तिरपे आकडे दिसले की आधी मार्कने भागून पाहा. छपाईची चूक समजून 'दुरुस्त' करू नका.

फलकावर ठळक केलेली गोष्ट : १३५२ला १२ पेन्स, १५४६लाही १२ पेन्स. दोन शतकं आकडा तोच, आणि १६व्या शतकात महागाई सुरू झालेली.

'ठरलं' १५४६, 'मिळालं' १५५९. मधल्या काळात हेन्री गेला, त्याचा मुलगा गेला, मेरीने घरं बांधली आणि तीही गेली. ३० ऑगस्ट १५५९ला एलिझाबेथने नियम केले तेव्हा १३ जणांची व्यवस्था पक्की झाली. अटी : खानदानी, गरीब, अविवाहित.

११ जुलै : शेवटचा फलक

पहिल्या चार्ल्सच्या काळात सर पीटर ल मेअर आणि सर फ्रान्सिस क्रेन (मॉर्टलेकचा टेपेस्ट्री कारखाना चालवणारे) यांच्या देणगीतून पाच जागा वाढल्या, एकूण १८. दोन ओळींत उरकलं.

नौदलाचं प्रकरण गाळणार होतो, पण रकान्यांत ते चपखल बसलं. सॅम्युअल ट्रॅव्हर्सने १७२४ मध्ये मृत्युपत्र केलं : सात अविवाहित, निवृत्त किंवा अपंग नौदल लेफ्टनंटांसाठी विंडसरलाच घर, वृत्ती सदाचारी, अभ्यासू आणि भक्तिपर असावी. दावे चालले, संस्था सुरू झाली १७९५ला आणि १८९२ला बंद पडली. हे मध्ययुगीन नाही, म्हणून चौकटीला वेगळा रंग.

१६ जुलै : छपाई

छापखान्यात जुन्या कोरलड्रॉमध्ये युनिकोड मजकूर उघडला की रफार आणि 'र्‍य' तुटतात. 'मध्ययुगीन'मधला अर्धा ध वेगळा पडला, 'शिलिंग'ची वेलांटी पुढच्या अक्षरावर गेली. छापखाना 'श्रीलिपीत पुन्हा टाइप करून देतो' म्हणतो. नको, आकडे पुन्हा तपासावे लागतात. मुक्ता फॉन्टमध्ये आपल्याच संगणकावर मांडणी करा, मजकूर आउटलाइनमध्ये बदला, मग पीडीएफ द्या.

मूळ मजकूर ३० पॉइंटच्या खाली नेऊ नका. दोन बाय तीनच्या फलकावर शंभर-सव्वाशे शब्द, त्यापुढे कोणी वाचत नाही. तक्त्यांतले आकडे उजवीकडे जुळवा, मधोमध ठेवले तर पौंडाखाली शिलिंग येतात.

मुख्य छपाईआधी प्रत्येक फलकाची ए-३ प्रत काढून भिंतीला लावा आणि विषय माहीत नसलेल्या माणसाला वाचायला द्या. 'वॉर्डन म्हणजे तुरुंगातला का?' हा प्रश्न तिथेच आला. तळटीप घातली.

२० जुलै : टांगणी आणि हिशेब

५ मिमी सनबोर्डवर (फोमचा कडक तक्ता) व्हिनाइल, चौरस फुटाला ७५ रुपये.

आठ फलक, ४८ चौ. फूट : ३,६०० रु.
दोन फलक पुन्हा : ९०० रु.
ए-३ प्रती : ३२० रु.
हुक, दोरी, दुहेरी टेप : २६० रु.
एकूण : ५,०८० रु.

पुन्हा छापलेल्या दोनांपैकी एकात नकाशाचा विटकरी आणि पिवळा व्हिनाइलवर एकच दिसत होते. दुसऱ्यात कायद्याचा सन मजकुरात १४८३ आणि कालरेषेवर १४८२ राहिला होता. लाल खूण तक्त्यात होती, कालरेषा मात्र तक्ता होण्याआधी काढलेली. कालरेषा सगळ्यात शेवटी काढा.

सनबोर्ड नुसत्या टेपवर टिकत नाही, पावसाळी हवेत तर नाहीच. वरच्या दोन कोपऱ्यांना आयलेट (धातूची गोल कडी) मारून दोरीने टांगले. खिडकीजवळचा फलक चौथ्या दिवशी वाकला, तो आतल्या भिंतीवर हलवला आणि मागे अॅल्युमिनियमची पट्टी लावली. पट्टीचे पैसे वरच्या हिशेबात नाहीत, ती वाचनालयात पडून होती.